परत आलेला राडारोडा

सर्टिफिकेट मिळालं तर आपल्याला काय काय मिळणार, याचा हिशेब बेल्डिन अदेरोनं मनात इतक्यांदा मांडला होता, की झोपेत विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितला असता. तीन महिन्यांची कच्ची नोकरी पक्की होणार होती. नोकरी पक्की म्हणजे स्वतःची खोली, आणि खोली म्हणजे आत्याच्या बैठकीतल्या त्या सोफ्यापासून सुटका, ज्याची एक स्प्रिंग रोज रात्री तिच्या बरगडीची विचारपूस करायची. वर पांढरं हेल्मेट. साइटवर पिवळं हेल्मेट बिगाऱ्याचं, निळं गवंड्याचं आणि पांढरं साहेबाचं. बेल्डिनला लाल मिळालं होतं, कारण त्या दिवशी दुसरं शिल्लक नव्हतं. आणि सर्टिफिकेट नाहीच मिळालं, तर काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांच्या अंत्यविधीच्या पत्रिका छापायच्या.

सरोवराकाठच्या किसुमू शहरात, न्यालेंडा वस्तीला लागून नर्सिंगच्या मुलींसाठी चार मजली वसतिगृह उभं राहत होतं. कर्ज परदेशातल्या एका संस्थेचं. संस्थेची अट एकच, पण तिच्या पोटात सदतीस अटी: इमारत पर्यावरणाला धरून बांधल्याचं सर्टिफिकेट हवं. छत्तीस अटी इंजिनिअरनं निस्तरल्या. खिडक्या वाऱ्याच्या बाजूला, नळाची धार बारीक, भिंती जाड. सदतिसावी कोणालाच नको होती, म्हणून ती बेल्डिनच्या गळ्यात पडली. बांधकामातून निघालेल्या राडारोड्यातला वजनानं पाऊण हिस्सा कचराडेपोत न जाता पुन्हा वापरात यायला हवा, आणि त्यातल्या प्रत्येक किलोचा कागद हवा. काय दिलं, किती दिलं, कोणी नेलं, कशासाठी नेलं. चार रकाने.

जागेवरचं जुनं गोदाम पाडलं तेही धरून एकूण चाळीस टन राडारोडा निघाला असणार, असं संगणकानं सांगितलं होतं. म्हणजे तीस टनांचे कागद. आधीचा कारकून कतारला निघून गेला होता आणि जाताना रजिस्टर ठेवून गेला होता. बेल्डिननं ते उघडलं. आठ महिन्यांचे फुटबॉलचे निकाल त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते.

फाटकाशी राडारोड्यासाठी म्हणून आणलेला मोठा लोखंडी डबा होता. तिनं आत डोकावून पाहिलं. एक पायताण आणि घोरणारा पहारेकरी.

ती तडक मुकादमाकडे गेली. ओगुतू मुकादम हा उंच, पोट सुटलेला आणि आवाजाचा दांडगा माणूस. चौथ्या मजल्यावरून तो हाक मारायचा आणि खालच्या रस्त्यावरची मोटरसायकल थांबायची.

“मुकादम, राडारोडा कुठंय?”

“कुठला?”

“आपला. चाळीस टन.”

“पोरी, पाच वाजता शिट्टी झाल्यावर तू कधी इथं थांबलीस का? नाही. तू पाचला पाच कमी असतानाच पळतेस. थांब एकदा.”

ती थांबली. शिट्टी झाली आणि फाटकातून अर्धी वस्ती आत आली. घाई नाही, गडबड नाही. फळ्यांचे तुकडे जेवण रांधणाऱ्या बायांनी उचलले. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या कोळसेवालीनं घेतल्या. वाकडे खिळे ओउमा टिनवाल्यानं टोपीत गोळा केले. कोणाच्या दारात चिखल होता, त्यानं विटांचे तुकडे ढकलगाडीत भरले. ओगुतू मधोमध उभा राहून बोट दाखवत होता: हे तुला, ते तिला, तू काल नेलंस, आज बस. वीस मिनिटांत साइट झाडल्यासारखी झाली.

“हे रोज?” बेल्डिननं विचारलं.

“गोदाम पाडलं तेव्हापासून.”

“आणि लिहिलं कुठंच नाही?”

“लिहायचं काय त्यात? ज्याला हवं त्याला दिलं.”

“मुकादम, कागद नाही म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या नैरोबीच्या साहेबाच्या लेखी आपण चाळीस टन सरोवरात लोटले!”

ओगुतू इतका हसला की डब्यातला पहारेकरी जागा झाला.

नैरोबीचा साहेब मंगळवारी येणार होता. तो दिवस होता शुक्रवार. बेल्डिननं ठरवलं, सोमवारी काटा घेऊन घरोघर जायचं, प्रत्येक वस्तू तोलायची, सही घ्यायची. लोकांना आधी कळावं म्हणून तिनं पाद्री ओबिएरोंना गाठलं. त्यांच्या चर्चचा भोंगा इतका मोठा होता, की शेजारच्या पंथाचे लोकही घरबसल्या त्यांचंच प्रवचन ऐकायचे. रविवारी भोंग्यावरून सांगितलं गेलं: वसतिगृहाच्या साइटवरून ज्यानं जे नेलं असेल, त्याची यादी ऑफिसातल्या अदेरोबाईंना हवी आहे. नावासकट आणि वजनासकट.

आता बेल्डिन रक्तानं तिथलीच, पण वाढलेली दूर नाकुरू शहरात. वडील रेल्वेत होते. तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती, जी न्यालेंडात दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. दिलेल्या वस्तूची यादी मागणं म्हणजे ती वस्तू परत मागणं. आणि परत मागितलेली वस्तू जो घरात ठेवतो, त्याच्या दारावरून लोक घसा खाकरत जातात.

सोमवारी सकाळी सात वाजता ती काटा घेऊन आली. काटा डुंगाच्या धक्क्यावरच्या मासेवालीकडून उसना आणलेला, त्यामुळे मागोमाग तीन मांजरं. फाटकाशी पाहते तो रस्ता बंद. रांग थेट कोपऱ्यापर्यंत, आणि रांगेतली माणसं रविवारचे कपडे घालून आलेली.

सगळं परत आलं होतं. विटा आल्या होत्या, घासून धुतलेल्या. पत्रे आले होते. खुराडं आलं होतं, आत दोन कोंबड्या, त्यातली एक अंड्यावर. पाद्रीबाबांनी चर्चचे नऊ बाक आणले होते आणि विटांची पायरीसुद्धा उकलून आणली होती. सकाळच्या प्रार्थनेला आलेल्या बाया म्हणे उड्या मारून आत गेल्या. ओउमानं खिळे आणले होते, एकूण एक सरळ केलेले, आणि रंगाच्या डब्यांचे कंदील, वाती लावून.

सर्वांत पुढं ओचोलाची आई. साइटवरच्या पन्नास माणसांना जेवू घालणाऱ्या पाच बायांची ती म्होरकी. डोक्यावर घमेलं. तिनं ते बेल्डिनच्या पायाशी ठेवलं. आत राख होती.

“हे काय, ओचोलाची आई?”

“तुमच्या फळ्या.”

“अहो…”

“जळलेली फळी परत आणता येत नाही, बाई. राख आणता येते. आणि मागं गाडीत बघ. पाच चुलींत जेवढं जळलं, तेवढ्याच वजनाचं नवं सरपण आहे. ओचोलाच्या आईनं कंपनीचं लाकूड खाल्लं, असं कोणी म्हणायला नको.”

मागं गाडीत नाही, तीन गाड्यांत सरपण होतं.

“पण मी परत कुठं मागितलं?”

“यादी मागितलीस ना?”

“यादी मागितली!”

“मग?” ओचोलाची आई म्हणाली, आणि रांगेनं मान डोलावली.

एव्हाना न्यांगवेसो आजोबा पुढं आले. वय ऐंशीच्या पुढं, कोट वयाहून जुना. त्यांनी खिडकीची एक चौकट आणली होती. “ही तुमच्याकडची नाही,” ते म्हणाले. “रेल्वेची क्वार्टर्स पाडली तेव्हा नेली होती. पण हिशेब मिटवायला निघालोच आहे, तर सगळाच मिटवतो.” त्यांच्या मागं आणखी दहाबारा जण असेच निघाले, शहरभरच्या साइटींचं सामान घेऊन. एकानं कोणत्याशा बँकेची पाटी आणली होती.

बेल्डिननं मनात बेरीज केली. काल सगळा माल वापरात होता, कागद नव्हता. आज माल साइटवर येऊन पडला होता, म्हणजे सगळाच कचरा. शंभर टक्के. शिवाय दुसऱ्यांचाही. तेवढ्यात एक बिगारी पळत आला. “बाई, मागच्या गल्लीतल्या बाया रस्ता उखडतायत!”

विटांच्या तुकड्यांचा तो रस्ता, ऐंशी मीटर लांब. न्यालेंडातला एकच, ज्याच्यावरून चालताना चप्पल पायातच राहते. बेल्डिन लाल हेल्मेट सावरत धावली. तीन बाया कुदळी घेऊन सुरुवातही करून बसल्या होत्या. ती अक्षरशः रस्त्यावर आडवी झाली.

“उठ, पोरी, कपडे खराब होतील.”

“आधी कुदळ खाली ठेवा!”

“तुमच्याच विटा आहेत.”

“रस्ता तुमचा आहे! मी हात जोडते!”

बायांनी कुदळी ठेवल्या. तिच्या विनवणीचा उपयोग झाला नव्हता. ऑफिसातली बाई चिखलात लोळताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती आणि त्यांना हसूच आवरेना.

परत फाटकाशी येऊन तिनं सगळ्यांना सांगून पाहिलं: घेऊन जा, चूक झाली, सगळं तुमचंच आहे. कोणी जागचं हललं नाही. पाद्रीबाबा आपल्याच बाकावर बसून आभाळाकडे बघत राहिले. ओगुतू नुसता मिशीत हसत होता.

“मुकादम, तुम्हाला माहीत होतं हे असं होणार!”

“माहीत होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुठं? तू थेट भोंग्यावर गेलीस.”

बेल्डिन राखेच्या घमेल्याशेजारी खाली बसली. उद्या दहाला साहेब येणार. तिच्या डोळ्यांसमोर सोफ्याची ती स्प्रिंग उभी राहिली. ओचोलाची आई जवळ येऊन बसली. राग होता, पण बारा वाजायच्या आत विरघळणारा.

“परत मागितलेली वस्तू तशीच उचलून घरी नेली, तर लोक काय म्हणतील? भिकारी म्हणतील.”

“मग मी काय करू?”

“आधी माफी मागायची. जिथून मागितलंस तिथूनच, भोंग्यावरून. मग नव्यानं द्यायचं. देणाऱ्यानं उभं राहून वस्तूचं नाव घ्यायचं, किती आहे ते सांगायचं. घेणाऱ्यानं सांगायचं, मी कोण, आणि याचं काय करणार. सगळ्यांच्या देखत. मग कोणाच्या बापाची टाप नाही तोंड उघडायची.”

बेल्डिननं मान वर केली. “काय आहे, किती आहे, कोण घेणार, कशासाठी,” ती हळूच म्हणाली.

“तेच तर सांगतेय.”

“ओचोलाची आई, हे माझे चार रकाने आहेत!”

“असतील. आमच्याकडं नेहमीचेच आहेत.”

माफी मागून झाली. पाद्रीबाबांनी ती दोनदा म्हणायला लावली, कारण पहिल्यांदा भोंगा शिट्टी मारत होता. मग ओगुतू घरी जाऊन टाय बांधून आला. टाय लग्नातला, पोट लग्नानंतरचं. काटा सेंटरिंगच्या बल्लीला टांगला, धक्क्यावरून आणखी एक मागवला, आणि सोमवारी दुपारी वाटप सुरू झालं.

“विटा, गोदामाच्या, अठ्ठेचाळीस किलो!” ओगुतूचा आवाज चौकाच्या पलीकडं गेला. “कोण घेतो?”

घेणारा पुढं येऊन नुसता सही करील, अशी बेल्डिनची समजूत होती. पण चार लोक जमले की आपली तारीफ आपणच केल्याशिवाय न्यालेंडात कोणी काही घेत नाही.

“मी घेतो! मी ओउमा, वाकड्या खिळ्यांचा डॉक्टर, ज्याच्या कंदिलापुढं विजेचा खांब लाजतो! ज्याची बायको शेजारणींना झोपू देत नाही, कारण त्या रात्रभर तिचा हेवा करतात!”

“विटांचं काय करणार ते सांग,” बेल्डिन रजिस्टरवर पेन रोखून म्हणाली.

“भट्टी! अशी भट्टी, की तिचा धूर बघून सरोवरातली बोट वाट काढील!”

तिनं लिहिलं: ओउमा. विटा, ४८ किलो. भट्टी.

दुसरा पुढं आला, तिसरी आली. पहिल्यापेक्षा दुसऱ्याची तारीफ लांब, दुसऱ्यापेक्षा तिसरीची. कोंबड्यांच्या मालकिणीनं स्वतःची, कोंबड्यांची आणि मधल्या काळात घातलेल्या अंड्याचीही तारीफ केली. ते अंडं खुराड्यासकट तोललं गेलं होतं, म्हणून बेल्डिननं पासष्ट ग्रॅम वजा केले. काळोख पडेपर्यंत सहा टन झाले. ओगुतूचा आवाज बसायला लागला, बेल्डिनच्या बोटांना पेनाचा वळ पडला आणि रजिस्टरला माशाचा वास लागला. ती घरात शिरताना हसत होती, हे तिच्या आत्यानं सांगितलं तेव्हा तिला कळलं.

मंगळवारी सकाळी रांग पुन्हा उभी. दहाच्या ठोक्याला टॅक्सीतून मुन्याओ साहेब उतरले. नैरोबीचे, बारीक चणीचे, शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं त्याहून कडक.

“हे काय चाललंय?”

“कागद करतोय, साहेब.”

“कधीचे?”

खोटं बोलायची ही वेळ होती. बेल्डिनला ती चांगली दिसली. “आठ महिन्यांचे,” ती म्हणाली. “आज.” आणि तिनं यादीपासून राखेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

साहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी रजिस्टर घेतलं, हुंगलं, नाक दूर केलं आणि वाचायला लागले. मग त्यांनी कुठल्याही तीन ओळींवर बोट ठेवलं: “ही तीन घरं दाखवा.” दाखवली. प्रत्येक घरी त्यांना बसावं लागलं, चहा घ्यावा लागला आणि घरमालकाची तारीफ मुळापासून ऐकावी लागली. कोंबडीवालीनं चहावर न थांबता मासा वाढला. साहेबांनी तो शेपटीकडून खायला सुरुवात केली. तिनं ताट फिरवून डोकं त्यांच्याकडं केलं आणि म्हणाली, “पाहुणा इकडून सुरू करतो, बाळा.” रस्सा शर्टावर उडाला. मग त्यांनी गल्लीतला रस्ता टेपनं मोजला, तीन ठिकाणी खणून जाडी पाहिली आणि एकोणीस टन मान्य केले.

दुपारी तीनला शेवटची वस्तू गेली. तोललेला माल तेरा टन. रस्ता धरून बत्तीस.

“सरपण किती यात?” साहेबांनी विचारलं.

“दीड टन.”

“वजा करा. जाळलेलं पुन्हा वापरलेलं धरत नाहीत.”

ओचोलाची आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कोण म्हणतं नाही वापरलं? त्या फळ्यांवर पन्नास माणसं आठ महिने जेवली. तुमची इमारत कशावर उभी राहिली? उपाशी गवंड्यांवर?”

“आई, मला पटतंय,” साहेब म्हणाले. “नियमाला पटत नाही.”

“मग नियमाला माझ्याकडं जेवायला पाठव.”

साडेतीस. तरी तिसाच्या वर. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. ओगुतूनं डोळे मिटले. बेल्डिन म्हणाली, “थांबा, साहेब.”

“अगं!” ओगुतूच्या बसक्या घशातून नुसती हवा आली.

“यात दुसऱ्यांच्या साइटींचा माल आहे. आजोबांची खिडकी, बँकेची पाटी, आणखी थोडं. लोकांनी मानापायी आणलं. तो आपला राडारोडा नाही. मी पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत, पण बेरीज केलेली नाही.”

“का नाही?”

“भीती वाटली.”

“करा.”

ती खाली बसून बेरीज करायला लागली. रांग तिच्याभोवती गोळा झाली. न्यालेंडात एवढी शांतता फक्त परीक्षेच्या निकालाला असते. पानं उलटत गेली. सत्तर. एकशे चाळीस. दोनशे पंचवीस. शेवटी पाटी: पंचाहत्तर.

“तीनशे किलो,” ती म्हणाली.

साहेबांनी तोंडी हिशेब केला, मग यंत्रावर केला, मग तिच्याकडून करून घेतला. “तीस टन दोनशे. साडेपंचाहत्तर टक्के.” त्यांनी सही केली. “मी आजवर खूप रजिस्टरं पाहिली, बाई. आकडा कमी करायला स्वतःहून थांबवणारी तुम्ही पहिलीच. तुमच्या कंपनीला मी हे लिहून कळवणार आहे.”

ओरडा एवढा झाला, की अंड्यावरची कोंबडी दोन गल्ल्या पलीकडं उठून उभी राहिली. ओउमानं साहेबांना धरून मधोमध आणलं. “सही केलीत, आता तारीफ! तारखेशिवाय सही चालते, तारिफेशिवाय नाही!”

“मला जमत नाही.”

“सगळ्यांना जमतं. कोण आहेस तू?”

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. घसा साफ केला. शर्टावर रश्शाचा डाग घेऊन तो बारीक चणीचा माणूस टाचांवर उंच झाला. “मी मुन्याओ,” ते म्हणाले, आधी हळू, मग मोठ्यानं. “दशांश चिन्हाचा राखणदार! ज्याला बघून मोठमोठ्या बिल्डरांची टक्केवारी घामाघूम होते! ज्याला फक्त माशाचं डोकं हरवू शकतं!”

त्या संध्याकाळी बायांनी साइटवरच चुली मांडल्या. परत आणलेलं सरपण घरी न्यायला त्या तयार नव्हत्याच. माफी मागितली गेली होती, पण राखेचं लाकूड होत नाही, असं ओचोलाच्या आईचं म्हणणं. दीड टन सरपणावर रोज थोडं थोडं करत पुढचे तीन आठवडे सगळी साइट जेवली.

सर्टिफिकेट सहा आठवड्यांनी आलं. त्याच्या मागोमाग बेल्डिनचं पक्क्या नोकरीचं पत्र आलं. त्या दिवशी तिनं रजिस्टरचं शेवटचं कोरं पान उघडलं. ते पान कोणी मागितलं नव्हतं आणि कुठल्या अटीत बसतही नव्हतं. या सगळ्याची किंमत कोणी मोजली ते तिनं त्यावर लिहून काढलं. ओगुतू मुकादमानं चार दिवसांचा आवाज. पाद्रीबाबांनी एक पायरी, कारण ती उलटी बसली आणि अजून लोक अडखळतात. मुन्याओ साहेबांनी एक शर्ट. तिनं स्वतः एक माफी, भोंग्यावरून, दोन वेळा. पाच चुलींच्या बायांनी दीड टन लाकूड, जे कुठल्याच टक्केवारीत धरलं गेलं नाही. हे वाक्य तिनं दोनदा अधोरेखित केलं, आणि मग उरलेल्या एका नावापुढं लिहिलं:

कंपनी, निरंक.